मिनिटाला १२०० खिळे: शंकर आबाजी भिसे यांच्या मशीनची गोष्ट

तुमच्या फोनच्या स्क्रीनवर आत्ता काही शे अक्षरं दिसतायत. बोटानं वर सरकवलं की पुढची येतील. फोनला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. फॉन्टची एक फाइल आत पडलेली असते आणि एकच क हजार वेळा वापरला तरी तो झिजत नाही की संपत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. छापलेल्या प्रत्येक अक्षरामागे धातूचा एक खराखुरा तुकडा असायचा. पानावर क शंभर वेळा असेल तर क चे शंभर तुकडे लागायचे. मराठीत या तुकड्याला खिळा म्हणायचे, इंग्रजीत टाइप. हे खिळे ओतून तयार करणं हाच एक मोठा धंदा होता. ते जितक्या वेगानं आणि जितके स्वस्त तयार होतील, तितकी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्वस्त.

मिनिटाला १२०० खिळे ओतण्याची क्षमता असलेलं मशीन एका मराठी माणसानं लंडनमध्ये तयार केलं होतं. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणायचे. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट सांगितली जातात. तरी तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांचं नाव आज पहिल्यांदाच ऐकलं असेल. मशीन चांगलं होतं, मग ते जगभर का पोचलं नाही? हा प्रश्न मला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून सतावतो, कारण आमच्या क्षेत्रातही हे रोज घडतं.

सुरुवात मुंबईतून

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबातला. त्यांच्या जन्माच्या आगेमागेच मुंबईत मराठी छपाई जोरात होती. जावजी दादाजी चौधरी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा. देवनागरीचे देखणे खिळे तिथेच पाडले जात होते.

भिसेंना लहानपणापासून यंत्रांचा नाद. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करणारं उपकरण बनवलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. सोळाव्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं की शोध लावायला इंग्लंड किंवा अमेरिकेत जायचं. आज बारावीनंतर बाहेर जायचं म्हणणारी मुलं शंभर दिसतील. १८८३ च्या सुमाराला हे ठरवणं वेगळं होतं. आपल्याकडे ना संशोधनाच्या प्रयोगशाळा होत्या, ना स्टार्टअपला पैसे देणारे फंड.

पुढे अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात त्यांनी नोकरी धरली. दिवसा सरकारी हिशेब, उरलेल्या वेळात यंत्रं. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट. मुंबईत त्यांनी एक सायंटिफिक क्लबही काढला. या काळात त्यांनी ज्या गोष्टींवर काम केलं त्यांची यादी बघा: आतला माल कुणी बदलला तर कळेल अशी बाटली, सायकलसाठी विजेची उपकरणं आणि मुंबईच्या लोकल गाड्यांसाठी स्टेशन दाखवणारा इंडिकेटर. तेव्हा मुंबईच्या गाड्या वाफेच्या इंजिनावर धावत होत्या. पुढचं स्टेशन कोणतं ही मुंबईकराची अडचण तेव्हापासूनची आहे.

दृष्टिभ्रमाचे खेळ हीसुद्धा त्यांची एक आवड. एक वस्तू बघता बघता दुसरीच होऊन जाते, असे प्रयोग ते करायचे. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही त्यांनी ते करून दाखवले.

एका स्पर्धेनं उघडलेलं दार

१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड या नियतकालिकानं एक स्पर्धा ठेवली. किराणा दुकानातला सुटा माल, म्हणजे साखर, पीठ वगैरे, आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवायचं. भिसेंनी मुंबईतून आपला आराखडा पाठवला आणि पहिलं बक्षीस मिळवलं.

या बक्षिसामुळे मुंबईतल्या मोठ्या लोकांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनमधल्या दादाभाई नौरोजींकडे त्यांची शिफारस केली. दादाभाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले नेते म्हणून. भिसेंच्या गोष्टीत मात्र ते चक्क गुंतवणूकदार आहेत. त्यांनी या तरुणाच्या कामात पैसे घालायचं मान्य केलं.

लंडनमध्ये भिसे कामाला भिडले. क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांचा विजेवर चालणारा जाहिरात फलक लागला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप फ्लश होणारा संडास, असं काय काय त्यांच्या टेबलावर होतं. पण त्यांनी सगळ्यात जास्त वर्षं दिली ती खिळे ओतण्याच्या मशीनला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं भिसोटाइप.

खिळा कसा तयार होतो?

मशीन समजून घ्यायचं तर आधी खिळा समजायला हवा. ही साधारण अडीच सेंटिमीटरहून थोडी कमी उंचीची धातूची कांडी असते. तिच्या डोक्यावर उलटं अक्षर उठावात असतं. त्यावर शाई लावून कागद दाबला की सुलटं अक्षर उमटतं.

धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण. शिसं स्वस्त आणि लवकर वितळणारं, अँटिमनीनं कडकपणा येतो, कथिलामुळे मिश्रण साच्यात नीट वाहतं आणि अक्षराच्या कडा स्वच्छ येतात. हे मिश्रण वितळवून साच्यात सोडायचं. साच्याच्या तळाशी अक्षराचा खोलगट ठसा, म्हणजे मॅट्रिक्स. धातू गोठला की साचा उघडायचा, खिळा बाहेर काढायचा, साचा बंद करायचा. पुन्हा पहिल्यापासून.

शेकडो वर्षं हे काम हातानं चाललं. सराईत कारागीर दिवसाला चारेक हजार खिळे ओतायचा. १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड ब्रूसनं ओतकामाच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि वेग वाढला. १८८६ मध्ये लायनोटाइप आलं, ते अख्खी ओळच एका तुकड्यात ओतायचं. मग मोनोटाइप आलं. त्यात की-बोर्डवर टाइप केलं की कागदाच्या पट्टीला भोकं पडत, ती पट्टी दुसऱ्या मशीनला लावायची, भोकांतून दाबाची हवा जाई आणि त्या हवेच्या इशाऱ्यावर योग्य अक्षराचा ठसा साच्यावर येई. कागदाच्या पट्टीवरचा प्रोग्रामच म्हणा. मोनोटाइप मिनिटाला साधारण १४० ते १५० खिळे ओतायचं.

आता एक हिशेब करू. ३०० पानांचं पुस्तक, पानाला २००० अक्षरं, म्हणजे ६ लाख खिळे. हातानं ओतायचे तर एका माणसाला १५० दिवस. मिनिटाला १५० च्या वेगानं सुमारे ६७ तास. मिनिटाला १२०० च्या वेगानं ८ तास २० मिनिटं. भिसेंनी आपली वर्षं याच फरकासाठी घातली.

हा फरक मराठीला तर जास्तच लागू होता. इंग्रजीचं काम मोठी आणि छोटी लिपी, आकडे आणि चिन्हं धरून दीडशेच्या आसपास वेगवेगळ्या खिळ्यांत भागतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरली की संख्या कित्येक शेंवर जाते. म्हणजे छापखाना काढायचा तर आधी धातूचा केवढा तरी साठा विकत घ्यायचा. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र दर्पण ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्या सिंधुदुर्गातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांच्यापासून विसाव्या शतकापर्यंत मराठीत छापू बघणाऱ्या प्रत्येकाला या खर्चाशी झुंजावं लागलं.

मशीनचा वेग नेमका कुठे अडतो?

वेग वाढवायचा तर मोटर मोठी लावायची, असं आपल्याला सहज वाटतं. तसं होत नाही. हे समजायला आजच्या छापखान्यातलं एक उदाहरण घेऊ.

आमच्या कुडाळात एका छापखान्यात मी कागदाच्या घड्या घालणारं मशीन चालताना बघितलंय. दशावताराची हँडबिलं, जत्रेची पत्रकं, हापूसच्या पेटीत टाकायचे माहितीचे कागद, मालवण-तारकर्लीच्या स्कूबावाल्यांची ब्रोशर, सगळं त्यातून जातं. गठ्ठ्यातून एकेक कागद उचलायला तिथे व्हॅक्यूम रोलर असतो. म्हणजे भोकं असलेला रोलर. आत पंपानं हवा खेचलेली असते. भोकं कागदाखाली आली की कागद रोलरला चिकटतो, रोलर फिरतो आणि कागद पुढे जातो. तिथे त्या कागदाचा पुढचा काठ एका अडसरावर आपटतो, मध्ये फुगवटा येतो आणि तो फुगवटा दोन रोलरच्या चिमटीत सापडला की घडी पडते.

आता गणित बघा. तासाला १०,००० कागद म्हणजे एका कागदाला ०.३६ सेकंद. एवढ्या वेळात झडप उघडायची, नळीतली हवा खेचली जायची, कागद चिकटायचा, पुढे जायचा आणि मग खेच तुटून कागद वेळेवर सुटायचाही. मोटर दुप्पट वेगानं फिरेल, पण नळीतली हवा बाहेर जायला जो वेळ लागतो तो तेवढाच राहतो. म्हणून अशा मशीनमध्ये सुधारणा करणारे मोटरकडे नंतर बघतात. ते आधी झडप रोलरच्या जवळ आणतात, म्हणजे मधल्या नळीत कमी हवा साठते. ते भोकांची जागा आणि आकार बदलतात. कागद सुटताना बाहेरची हवा आत घेऊन खेच झटकन तोडतात.

आमच्याकडे त्यात पावसाळ्याची भर. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर कागद पापडासारखा सादळतो. त्याला लाटा येतात आणि तो लुळा पडतो. लाटांमुळे रोलर आणि कागदाच्या मध्ये फट राहते, तिथून हवा आत घुसते आणि पकड जाते. कधी दोन कागद एकमेकांना चिकटून जोडीनंच आत जातात. मग चालवणारा वेग कमी करतो. मशीनच्या पाटीवर वेगाचा आकडा काहीही असो, त्या दिवशीचा खरा वेग तो रोलर ठरवतो.

खिळे ओतण्याच्या मशीनमध्ये हवेच्या जागी उष्णता असते. मिनिटाला १२०० म्हणजे सेकंदाला २०, म्हणजे एका खिळ्याला एक विसांश सेकंद. शेकडो अंश तापलेला धातू साच्यात शिरल्यावर तो गोठायलाच हवा. त्याआधी साचा उघडला तर अक्षराऐवजी शिशाचा थेंब बाहेर पडेल. भरपूर वेळ थांबलात तर खिळा छान येईल, पण वेग गेला. शिवाय मशीन सतत चाललं की साचाच तापत जातो आणि गोठायला आणखी वेळ लागतो. मग साच्याभोवती पाणी खेळवा, नाहीतर साच्यांची संख्या वाढवा. त्याच काळात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक विक्स यांचं एक मशीन होतं, त्यात चाकावर शंभर साचे बसवलेले होते. एकात धातू ओतला जात असताना आधी भरलेले साचे फिरता फिरता थंड होत. प्रत्येक खिळ्याला गोठायला पुरेसा वेळ मिळायचा, तरी मशीनमधून खिळ्यांची धार लागलेली असायची. तुमच्या फोनचा प्रोसेसरही हीच युक्ती वापरतो. एक सूचना पूर्ण व्हायची वाट न बघता पुढची आत घेतो.

भिसे या शर्यतीत उतरले तेव्हा समोर असे तगडे खेळाडू होते. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्या, त्यांचे कारखाने आणि इंजिनिअर. अशा ठिकाणी सरकारी हिशेबनिसाची नोकरी सोडून आलेल्या माणसाचं मशीन मिनिटाला १२०० पर्यंत वेगवेगळे खिळे ओतू शकतं, ही मोठी गोष्ट होती. छपाईच्या व्यवसायानं तिची दखलही घेतली.

पैशाचा पहिला फटका

कार्यशाळेत मशीन चालणं ही अर्धी वाट. पुढे कारखाना हवा, सुटे भाग हवेत, मशीन बसवून देणारे आणि बिघडलं तर धावून जाणारे लोक हवेत. त्यासाठी हजारो पौंडांचं भांडवल लागणार होतं. दादाभाई एकटे ते देऊ शकत नव्हते. त्यांनी आपल्या ओळखीतून हेन्री हाइंडमन यांना यात आणलं.

हाइंडमन म्हणजे ब्रिटनमधले समाजवादी नेते, भारतातल्या ब्रिटिश राजवटीचे कडक टीकाकार. भांडवलशाहीविरुद्ध भाषणं करणारा माणूस भारतीय संशोधकासाठी भांडवल गोळा करायला निघाला, ही या गोष्टीतली गंमत. पण गंमत तिथेच संपते. १९०७ च्या अखेरीस ही सगळी जुळवाजुळव कोसळली. पैसे उभे राहिले नाहीत. भिसोटाइप बाजारात गेलंच नाही.

इथे थोडं थांबून बघा. भिसेंचे दोन्ही पाठीराखे राजकारणातले होते. त्यांची तळमळ खरी होती, पण त्यांच्याकडे छपाईच्या धंद्यातलं वजन नव्हतं. लंडनच्या पेढ्यांसमोर भिसे हे एका वसाहतीतून आलेले, काळ्या कातडीचे, पाठीशी घराण्याचा पैसा नसलेले गृहस्थ होते. मोनोटाइप आणि लायनोटाइप यांच्यामागे गुंतवणूकदारांच्या रांगा होत्या आणि त्यांनाही मशीन नीट चालेपर्यंत वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागला होता. भिसेंना तेवढा वेळ विकत घेऊन देणारं कुणी नव्हतं.

गोखले आणि टाटा

१९०८ मध्ये भिसे गाशा गुंडाळून मुंबईला निघाले. या परतीच्या काळात त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखल्यांशी पडली. गोखले कोकणातलेच, गुहागरजवळच्या कोतळूकचे. भिसेंच्या कामानं ते प्रभावित झाले आणि त्यांनी त्यांचा संबंध रतन टाटांशी जोडून दिला. हे रतन टाटा म्हणजे आपल्याला माहीत असलेले, २०२४ मध्ये गेलेले नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला मोठी देणगी देणारे.

त्यांच्या पैशातून टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. या वेळी पाठीशी खरा उद्योगपती होता. भिसेंनी मशीनची रचना पुन्हा मांडली, सुधारली. पण काळ आडवा आला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्लंडमधले कारखाने तोफगोळ्यांकडे वळले, धातू आणि कामगार दोन्ही युद्धाकडे गेले. युद्धाच्या काळातच सिंडिकेट गुंडाळलं गेलं. सर रतन टाटाही १९१८ मध्ये वारले.

न्यूयॉर्कमधली वर्षं

१९१६ मध्ये भिसे अमेरिकेत गेले. वय एकोणपन्नास. या वयात बहुतेक लोक निवृत्तीचे हिशेब करू लागतात, हे गृहस्थ तिसऱ्यांदा शून्यापासून सुरुवात करत होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथे भिसे आयडियल टाइप कास्टर कॉर्पोरेशन स्थापन केली. लंडनमध्ये जे जमलं नाही ते न्यूयॉर्कमध्ये जमवायचा हा प्रयत्न. मशीन बनलं, पण त्यानं धंद्याचं चित्र बदललं नाही.

अमेरिकेत त्यांना पैसा आणि नाव मिळालं ते वेगळ्याच गोष्टीतून. आयोडीनवर आधारित एक औषध त्यांनी तयार केलं. ते पुढे ॲटोमिडीन या नावानं विकलं गेलं. उतारवयात ते अध्यात्माकडे आणि परलोकविद्येकडेही वळले. मृतात्म्यांचे निरोप टिपण्यासाठी टाइपरायटरसारखं एक यंत्रही त्यांनी बनवलं. आज वाचताना आपण हसू, पण तेव्हा युरोप-अमेरिकेतले नामवंत शास्त्रज्ञही या नादात होते. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

मग मशीन जिंकलं का नाही?

पैसा नव्हता, युद्ध आलं, ही कारणं खरी आहेत. पण मला वाटतं, एक तांत्रिक कारणही आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं.

हातानं खिळे जुळवणारा चांगला कंपोझिटर तासाला हजार ते दीड हजार अक्षरं जुळवायचा. भिसोटाइप मिनिटाला १२०० ओतणार. म्हणजे मशीननं एका मिनिटात ओतलेला माल जुळवायला एका माणसाला जवळपास तास लागणार. खिळ्यांचा डोंगर साठेल, पान मात्र तेवढ्याच वेगानं तयार होईल.

फायदा नव्हताच असं नाही. छपाई झाल्यावर वापरलेले खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायला कंपोझिटरचा बराच वेळ जायचा. खिळे एवढे स्वस्त आणि भरपूर झाले तर जुने सरळ वितळवून टाका आणि दर वेळी नवे कोरे घ्या. सोडवणीचं काम वाचलं, अक्षरंही झिजलेली नाहीत. देवनागरीच्या छापखान्याला तर याचा मोठाच उपयोग झाला असता.

पण मोनोटाइप आणि लायनोटाइप यांनी प्रश्नच वेगळा पकडला होता. ओतण्याचा वेग त्यांना फार महत्त्वाचा नव्हता. की-बोर्डवर बसलेल्या माणसानं टाइप केलं की ओतलेला आणि जुळवलेला मजकूर एकदम हातात यायचा. मिनिटाला दीडशेचं मशीन बाराशेच्या मशीनला मागे टाकू शकलं, कारण त्यानं रांगेतला सगळ्यात हळू माणूस शोधून त्याचं काम हलकं केलं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच रोज बघतो. एखादा माणूस महिनाभर खपून डेटाबेसमधली एक क्वेरी आठपट वेगवान करतो आणि ॲप मात्र पूर्वीइतकंच हळू उघडतं, कारण खरा वेळ फोटो डाउनलोड व्हायला जात असतो. त्या माणसाचं काम वाया गेलं असं म्हणता येत नाही. फक्त ते वापरणाऱ्याला जाणवत नाही. घडी घालण्याच्या मशीनचंही तसंच. व्हॅक्यूम रोलर कितीही सुधारा, घडी घातलेले कागद उचलून गठ्ठे बांधणारा माणूस एकच असेल तर दिवसाचा माल तोच ठरवणार.

म्हणून भिसेंचं मोठेपण मला कमी वाटत नाही. एक विसांश सेकंदात धातूचं स्वच्छ अक्षर पाडण्याचा प्रश्न अवघड होता आणि तो त्यांनी हातात घेतला. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, स्वतःचा पैसा नव्हता. लंडन आणि न्यूयॉर्क अशा दोन शहरांत त्यांनी तेच मशीन पुन्हा पुन्हा उभं केलं. बाजार कुणाला निवडतो हे एकट्या संशोधकाच्या हातात नसतं. त्यांच्याबरोबर छपाईचा धंदा आतून ओळखणारा एखादा भागीदार असता, तर हेच ओतकामाचं यंत्र जुळणीच्या यंत्राला जोडलं गेलं असतं का, असं मला राहून राहून वाटतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोटोटाइपसेटिंग आणि ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आला, आणि मोनोटाइपसकट सगळीच धातूची मशीनं भंगारात गेली. खिळ्याची जागा फॉन्टनं घेतली.

भिसेंचं काम मात्र तुम्हाला आजही बघता येतं. पेटंट हा सार्वजनिक दस्तऐवज असतो आणि जुनी अमेरिकन पेटंट गूगल पेटंट्सवर फुकट उघडतात, फोनवरसुद्धा. ते आपलं आडनाव इंग्रजीत शेवटी ई आणि वाय लावून लिहायचे, तसं शोधा. पेटंटमधली इंग्रजी वाक्यं कायद्याच्या भाषेतली, लांबलचक असतात, ती पहिल्यांदा सोडून दिलीत तरी चालेल. चित्रं झूम करून बघा. धातू कुठून येतो, साचा कुठे उघडतो, खिळा कुठून बाहेर पडतो, एवढं बोटानं शोधत गेलात तरी मजा येईल.